थंडीतलं बिल आणि सासूबाईंचा हीटर

प्रश्न: आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही दोघं, दहा आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई, वय 74. नोव्हेंबरचा वापर 142 युनिट होता, बिल चौदाशेच्या आसपास. डिसेंबरचा एकदम 338 युनिट आणि बिल चार हजारांच्या वर! घरात एसी नाही, पंखे बंद, मग एवढी वीज गेली कुठे? मिस्टर म्हणतात, ऑगस्टमध्ये नवा मीटर बसवला तोच पळतोय. गिझर 25 लिटरचा आहे. पहाटे साडेपाचला लावतो तो सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत चालू असतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांच्या खोलीत संध्याकाळी दोनेक तास दोन रॉडचा हीटर असायचा. बिलावरून आमचं बोलणं झालं ते त्यांच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून त्यांनी हीटर लावणंच सोडलंय. विचारलं तर म्हणतात, ‘मला नाही वाजत थंडी.’ काय करावं?

उत्तर: ताई, पुढचं वाचण्याआधी उठा आणि तो हीटर सासूबाईंच्या खोलीत पुन्हा लावून द्या. बिलाचं आपण बघू, त्यातून वाट निघते. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस ‘मला थंडी वाजत नाही’ म्हणतो, तेव्हा ते शंभर टक्के खरंही असू शकतं आणि काळजीचं कारण तेच आहे. वयानुसार शरीरात ऊब कमी तयार होते आणि थंडी झाल्याची जाणीवही उशिरा होते. हातपाय गार पडलेले असतात, रक्तदाब चढलेला असतो, पण त्या व्यक्तीला त्यातलं काही फारसं जाणवत नाही. त्यामुळे त्यांना विचारू नका. त्यांचे तळहात आणि पावलं हातात घेऊन बघा.

आता बिल. मी वायरमन म्हणून सुरुवात केली, पुढे सुपरवायझर झालो आणि या सगळ्या वर्षांत लोकांच्या हातातली बिलं बघत आलो. बहुतेकांची नजर खाली रुपयांवर जाते आणि तिथेच थांबते. रुपयांवरून काही कळत नाही. वर दोन गोष्टी बघायच्या: युनिट किती आणि दिवस किती. तुमचे 338 युनिट 31 दिवसांचे असतील तर दिवसाला जवळजवळ 11 युनिट झाले. नोव्हेंबरचे 142 म्हणजे दिवसाला पावणेपाच. म्हणजे रोज सहा-सव्वासहा युनिट जादा जळले. आपल्याला शोधायचे आहेत ते एवढेच.

युनिट अडीच पटींच्या आत वाढले आणि पैसे मात्र तिपटीच्या जवळ गेले, हे कसं? आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचा आहे. महावितरणच्या बिलात पहिले 100 युनिट एका दराने, 101 ते 300 दुसऱ्या, 301 ते 500 तिसऱ्या आणि त्यापुढचे चौथ्या. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या जवळ जातो, तिसऱ्याचा त्याहून चढा. शिवाय या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क असतं. नोव्हेंबरात तुमचे फक्त 42 युनिट महाग टप्प्यात होते. डिसेंबरात 238 युनिट तिथे गेले आणि त्यातले 38 तर तिसऱ्या टप्प्यात. याची चांगली बाजू अशी की बचत करताना जो युनिट वाचतो तो वरचा, म्हणजे सगळ्यांत महागडा वाचतो. म्हणून तुमच्यासारख्या घरात थोडी काटकसरही बिलात ठळक दिसते.

मिस्टरांची शंका बाजूला टाकू नका, पण ती घरच्या घरी तपासता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच बारीक अक्षरांत ‘3200 imp/kWh’ किंवा ‘1600 imp/kWh’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एक युनिट वीज गेली की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकणार. घरातलं सगळं बंद करून एकटा गिझर लावा. गिझर 2000 वॉटचा आणि मीटर 3200 चा असेल तर दिवा मिनिटाला साधारण 107 वेळा लुकलुकला पाहिजे, 1600 चा असेल तर 53 वेळा. फोनवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि शांतपणे मोजा. विजेचा दाब थोडा कमी-जास्त असतो, त्यामुळे पाच-दहा लुकलुक इकडेतिकडे चालतील. दीडपट दिसले तर मात्र मीटर तपासणीसाठी अर्ज द्या.

दुसरी तपासणी फ्लॅटवाल्यांनी प्रत्येकाने एकदा तरी करावी. खाली मीटर रूममध्ये एक जण उभा करा आणि वर घरातला मेन स्विच पाडा. तुमच्या क्रमांकाच्या मीटरचा दिवा थांबला पाहिजे आणि दोन-तीन मिनिटं अजिबात लुकलुकता कामा नये. मेन पाडल्यावरही दिवा चालूच असेल तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी वायर आहे, नाहीतर मधल्या वायरिंगमध्ये गळती आहे. एका इमारतीत मी समोरासमोरच्या दोन फ्लॅटचे मीटर उलटे जोडलेले पाहिले आहेत. एका घरात आजी-आजोबा दोघंच आणि दुसऱ्यात सहा माणसं. आजी-आजोबा कितीतरी काळ सहा जणांचं बिल भरत होते आणि ‘आम्ही दिवा तरी कुठे लावतो’ म्हणत अंधारात बसत होते. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. दहा मिनिटांची तपासणी होती, पण ती करायचं कुणाला सुचलंच नाही.

आणखी एक. बिलावरचं चालू रीडिंग खरंच घेतलेलं आहे की सरासरीने लावलेलं, हे बघून घ्या. नोव्हेंबरचं रीडिंग अंदाजाने कमी लागलं असेल तर राहिलेले युनिट डिसेंबरात येऊन पडतात. तसं झालं असेल तर ते युनिट दोन्ही महिन्यांत विभागून टप्प्यांचा फायदा मिळावा, असा अर्ज करा. तक्रार 1912 वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर नोंदवता येते. तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल.

पण माझा अंदाज विचाराल तर तुमचा मीटर खरं बोलतोय, कारण तुमच्याच पत्रातून हिशोब जुळतो. दोन रॉडचा हीटर म्हणजे साधारण 2000 वॉट. दोन तास चालला की 4 युनिट, महिन्याचे 124. उरलेले रोजचे दोन-सव्वादोन युनिट गिझरचे.

गिझरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण थंडीत जवळजवळ प्रत्येक घराची वीज तिथेच जाते आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच आहेत.

एप्रिलमध्ये तुमच्या नळाला 28 अंशांचं पाणी येत असेल तर आंघोळीच्या 40 अंशांपर्यंत ते 12 अंश तापवायचं असतं. वीस लिटरच्या बादलीला पाव युनिटाच्या थोडी वर वीज लागते. डिसेंबरात गच्चीवरची टाकी रात्रभर गारठते. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची पाळी येते त्या दिवसांत नाशिकच्या टाकीतलं पाणी पहाटे 15 अंशांवर आलं तर नवल नाही. मग तीच बादली 25 अंश तापवायची, म्हणजे 0.58 युनिट. माणसं तीच, बादली तीच आणि वीज दुप्पट. त्यात एरवी गार पाण्याने आंघोळ करणारेही गरम पाणी घ्यायला लागतात, बादली जरा जास्त भरते, भांडी घासायलाही गरम पाणी लागतं. हा खर्च खराच आहे, गार पाण्याची आंघोळ करायला मी कुणाला सांगणार नाही.

वाया जाते ती वीज वेगळ्या ठिकाणी. साडेपाच ते नऊ गिझर चालू म्हणजे साडेतीन तास सलग वीज जळते असं नाही, पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो. खरं नुकसान शेवटच्या आंघोळीला होतं. शेवटचा माणूस गरम पाणी घेतो तेव्हा टाकीत तितकंच गार पाणी शिरतं आणि गिझर ते इमानेइतबारे पुन्हा 60 अंशांपर्यंत तापवतो. पंचवीस लिटर पाणी 15 वरून 60 वर न्यायला 1.3 युनिट लागतात. मग गिझर बंद होतो, सगळे शाळेला आणि कामाला जातात आणि ते पाणी कुणीही न वापरता दिवसभर निवत बसतं. दुसऱ्या पहाटे त्याची बरीचशी ऊब गेलेली असते. म्हणून शेवटचा माणूस आंघोळीला शिरताना बटण बंद करून शिरू दे. टाकीत आहे त्या गरम पाण्यात त्याची आंघोळ आरामात होते. एवढ्या एका सवयीने रोज पाऊण ते एक युनिट वाचतो.

दुसरं, 2000 वॉटच्या गिझरला 25 लिटर तापवायला 40 मिनिटं पुरतात. पहिली आंघोळ साडेसहाला असेल तर साडेपाचला लावायचं कारण नाही. आंघोळी एकामागून एक उरका, मध्ये तास-तास जाऊ देऊ नका. गिझरच्या खाली किंवा आत तापमानाची चकती असते, ती 75 वर असेल तर 60 वर आणा. आतली चकती मात्र इलेक्ट्रिशियनलाच फिरवू द्या. साठच्या फार खालीही नेऊ नका, कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. आणि मुलांना शॉवरऐवजी बादली द्या. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. दहा वर्षांचं मूल गरम शॉवरखाली किती वेळ रमतं ते तुम्हाला माहीत आहेच.

गिझरच्या वर-खाली नजर टाका. प्रेशरचा व्हॉल्व्ह असतो, त्यातून थेंब पडतायत का? पाणी तापताना थोडे पडले तर ठीक. पण माझ्याच घरी तो सतत टिपकत होता आणि थेंब सरळ मोरीत जात असल्याने महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मी खाली मग धरला तर तासात एक लिटर भरला. म्हणजे दिवसाला 24 लिटर गरम पाणी, सव्वा युनिट. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात हे महिन्याला 37-38 युनिट होतात. व्हॉल्व्ह बदलायला फार खर्च आला नाही.

कॉइलवर क्षार बसला की बिल दुप्पट होतं, असं तुम्हाला सर्व्हिसिंगवाला सांगेल. तसं होत नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. क्षाराने कॉइल लवकर जळते आणि पाणी तापायला वेळ लागतो, त्यासाठी साफसफाई जरूर करा, पण बिल त्याने अर्ध्यावर येईल या आशेने नको.

आता हीटर. बाजारात ‘कमी वीज खाणारा’ म्हणून हरतऱ्हेचे हीटर मिळतात: रॉडचे, हवा फेकणारे, तेलाचे. वीज जाळून ऊब देणाऱ्या कुठल्याही हीटरमध्ये एका युनिटातून ऊब तेवढीच मिळते. तेलाचा हीटर अधूनमधून आपोआप बंद होतो म्हणून कमी खातो इतकंच. म्हणून नवा हीटर घेऊ नका. बदलायची आहे ती पद्धत. दहा बाय बाराची अख्खी खोली, तिच्या भिंती, गार फरशी, कपाट, हे सगळं तापवायला 2000 वॉट लागतात. सासूबाईंना उबदार ठेवायला त्याच्या विसाव्या हिश्शाने भागतं.

सूर्य मावळायच्या आत त्यांच्या खोलीच्या खिडक्या लावून जाड पडदे ओढा. खिडकीच्या फटीतून वारं येतं का ते उदबत्ती धरून बघा, धूर हलला तिथे फोमची पट्टी चिकटवा. त्या बसतात तिथे पायाखाली सतरंजी, त्यावर चटई. फरशी गुडघ्यांतली ऊब शोषून घेते. पायांत मोजे, अंगावर एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे आणि मांडीवर गोधडी. गुडघ्यांना शेकायची विजेची गादी मिळते, ती साठ ते शंभर वॉटची असते. तासभर लावली तरी 0.1 युनिटाच्या वर जात नाही आणि ऊब दुखतं तिथेच मिळते. फक्त त्यांना मधुमेह असेल किंवा पायांना बधिरपणा असेल तर शेक किंवा गरम पाण्याची पिशवी देताना कापड मध्ये घाला आणि स्वतः हात लावून बघा, कारण भाजलेलं त्यांना कळणार नाही. ती गादी लावून झोपू देऊ नका.

हीटर लागेलच, पण एकच रॉड आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं, दार लावून. त्याला पाऊण युनिटाच्या आत लागतं. हीटर सोळा अँपिअरच्या जाड पिनच्या सॉकेटलाच लावा. दोन हजार वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो आणि मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावलेला मी इतक्या घरांत पाहिलाय की सांगून सोय नाही. बोर्ड वितळतो, पडदा जवळ असतो. हात लावून पिन गरम लागली तर लगेच बंद करा.

त्यांच्या आंघोळीची वेळही बदलून बघा. सकाळी सातला आंघोळ झालीच पाहिजे ही त्यांच्या मनाची शिस्त असणार, पण देवपूजेसाठी सकाळी हातपाय धुऊन कपडे बदलले आणि आंघोळ दुपारी बाराला केली तर चालेल का, हे त्यांनाच विचारा. नाशिकला पहाटे दहा अंश असले तरी दुपारी ऊन चांगलं असतं. गच्चीवरची टाकी उन्हात बसते, पाणी काही अंशांनी वर येतं, न्हाणीघरही गारठलेलं नसतं. आंघोळीनंतर बाल्कनीच्या उन्हात अर्धा तास. गुडघ्यांना याहून चांगला शेक नाही.

बाकीचं थोडक्यात. वॉशिंग मशीन पुढून कपडे टाकायचं असेल तर त्याचा नेहमीचा प्रोग्रॅम बहुधा 40 अंशांवर असतो, म्हणजे ते पाणी स्वतः तापवतं. रोजच्या कपड्यांना गार पाण्याचा प्रोग्रॅम लावा. फ्रिज थंडीत आपणहून कमी खातो. दिव्यांची चिंता सोडा, एलईडीने बिल वाढत नसतं.

बचतीच्या नादात दोन गोष्टी कदापि करू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका आणि बंद बाथरूममध्ये गॅस गिझर बसवू नका. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आंघोळीला गेलेली मुलं बाहेर आली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर हवाच असेल तर तो उघड्या ड्राय बाल्कनीत, पाइप आत. रॉड बादलीत टाकून पाणी तापवण्याची सवय पाच वर्षांच्या मुलाच्या घरात नकोच.

आणि जमलं तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत सौर बंबाचा विषय काढा. तुमच्याकडे हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, थंडीतही पाणी चांगलं तापतं. अडचण येते ती पाइपाची. गच्चीवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना आधी बादलीभर गार पाणी येतं आणि लोक कंटाळून पुन्हा गिझर लावतात. पाइपांना आवरण घालून घ्या आणि आधीचं गार पाणी फरशी पुसायला बाजूला धरा. ज्या इमारतींनी एवढं केलं तिथे गिझर पावसाळ्यापुरते उरले.

तुमचा आकडा मी मांडून पाहिला. हीटरचे 124 युनिट शेकायच्या गादीसकट पंचविसावर येतात. गिझरचे महिन्याला तीसेक वाचतात. म्हणजे 338 चे साधारण 210 होतील. तिसरा टप्पा पूर्ण सुटेल आणि बिल दीड हजाराहून जास्त उतरेल. नोव्हेंबरच्या चौदाशेवर ते थंडी सरेपर्यंत येणार नाही, त्याची आशा धरू नका आणि मिस्टरांनाही तसं सांगून ठेवा. उरलेला फरक पाच माणसांच्या गरम पाण्याचा आणि सासूबाईंच्या उबेचा आहे.

सासूबाईंशी मात्र मिस्टरांनी बोलावं, तुम्ही नाही. ‘आई, हीटरने नाही, गिझरच्या बटणाने बिल वाढलं होतं, आम्ही विसरत होतो,’ असं त्यांनी सांगितलं तर ते निम्मं खरंही आहे आणि त्या ऐकतीलही. गिझर वेळेवर बंद करायचं काम त्यांच्याकडेच द्या. पहाटे घरात सगळ्यांत आधी त्याच जाग्या असतील.

फेब्रुवारीत बिल आलं की मला रुपये कळवू नका, दिवसाला किती युनिट पडले ते कळवा. आणि त्यांचे गुडघे कसे आहेत तेही.